मिलिमीटर

पाटबंधाऱ्याच्या वहीत मी पाणी फुटांत लिहितो.
आयर्विन पुलाच्या खांबावर पट्टी आहे,
ती वाचायची, सांगलीच्या ऑफिसला कळवायचं.
फाल्गुनात तसं कामच नसतं.
म्हशी पात्रात मधोमध बसलेल्या,
रकान्यात कालचाच आकडा,
त्याखाली पुन्हा तोच.

त्याच फाल्गुनात मिरजेला
मुजावर मॅडमनी त्रिशलाच्या पोटावर गार जेल फिरवत
पडद्यावरच्या काळ्या डागावर बोट ठेवलं.
हे पाणी. इथं नको होतं.
डावं फुफ्फुस दबलंय,
हृदय बघा, पार उजवीकडं ढकललं गेलंय.

किती? मी सवयीनं विचारलं.
एकोणीस मिलिमीटर.

सत्तावन्न फूट पाहिलेला माणूस मी.
खुर्चीचा हात धरला.

आधी सुईनं काढलं.
कडब्याच्या रंगाचं, एवढंसं.
पाच दिवसांत पुन्हा होतं तेवढंच भरलं.
परतताना रिक्षात त्रिशला म्हणाली,
उपसून काय होतंय?
त्याला वाट पाहिजे.

मॅडमही तेच म्हणाल्या, जरा लांबवून.
मग नळी दाखवली,
दोन्ही टोकं वळलेली,
काकडीच्या वेलाच्या ताण्यासारखी.
एक टोक बाळाच्या छातीत,
एक बाहेर.
बाहेर म्हणजे पुन्हा हिच्याच पोटातल्या पाण्यात.
बाळ हलू नये म्हणून त्यालाही इंजेक्शन देणार.
त्याला की तिला?
ते विचारायचं नाही, भिंतीवर पाटी आहे.

मी बाहेर चपलांच्या रॅकपाशी.
त्रिशला आत, जागी.
नंतर सांगत होती,
हात आडवा धरला गं बाई त्यानं,
मग झोपलं.
गं बाई कुणाला म्हणाली, कोण जाणे.

दहाव्या दिवशी पडद्यावर
डावीकडं राखाडी काहीतरी उलगडलेलं,
मुठीत चुरगळलेला रुमाल सोडावा तसं.
चार, मॅडम म्हणाल्या.
आणि लगेच:
नळी सरकते कधी कधी. बुजते.
अजून आठ आठवडे जायचेत.

संध्याकाळी पुलावर गेलो,
पट्टी वाचली, वही भरली, फोन केला.
रात्री साहेबांचा फोन:
मगदूम, नदी चार मिलिमीटर?
शुद्धीत आहात ना?

खोडलं मी.
नियमाप्रमाणे एकाच रेघेनं,
खालचं वाचता येईल असं.