आधी कडा सोडवा

धायरीत, पोकळ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर,
वॉशिंग मशीनसाठी सोडलेल्या कोनाड्यात
आमचा सर्व्हर राहतो.
भाडं देत नाही, आवाज मात्र करतो.
तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेल्या दोन डिस्क,
एक पंखा, ज्याला निमिष सोनटक्के
‘आमचा थोरला’ म्हणायचा,
आणि वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी:
हे बटण गीझरचं नाही.

सोसायटीची वही असते ना,
फ्लॅट, नाव, मेन्टेनन्स भरला, नाही भरला,
तसे असतात बाकीचे डेटाबेस.
कोण कोणाकडे चावी ठेवून गावाला जातं
ते त्या वहीत मावत नाही.
आम्हाला तेवढंच साठवायचं होतं.
माणूस म्हणजे नोड.
आणि दोघांमधली कड,
तिलाही नाव, तिलाही तारीख,
तिलाही स्वतःचं वजन.

चाचणीला पीएमपीचे थांबे भरले.
स्वारगेटवर इतक्या कडा जमल्या
की मेमरी संपली, आणि थोरला
रात्रभर धापा टाकत राहिला.
धायरी ते विश्रांतवाडी, कमीत कमी किती गाड्या बदलायच्या?
अकरा मिलिसेकंदांत उत्तर आलं. दोन.
सकाळी मी कौतुकानं कंडक्टरबाईंना दाखवलं.
तिकीट फाडता फाडता म्हणाल्या,
‘स्वारगेटला जाताच कशाला?
दांडेकर पुलाला उतरा, चाला थोडं, पलीकडून एकच गाडी.
चालणं नाही का घातलंत ह्यात?’

नव्हतं घातलं.
त्या रात्री कडांचा नवा प्रकार आला: पायी.

कोड उघडा आहे. कोणीही यावं, वाचावं, घेऊन जावं.
तार्तूहून एकजण सात ओळी पाठवतो,
त्याचा आवाज मी कधी ऐकलेला नाही
पण तो कंस कुठे बंद करतो ते झोपेत सांगेन.
कोहिमाची एक मुलगी फक्त शुद्धलेखन दुरुस्त करते.
पोकळे विचारतात, ‘फुकट देता, मग खाता काय?’
मी विजेच्या बिलातला अर्धा वाटा
महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या हातात ठेवते,
तेवढ्यापुरतं त्यांना पटतं.

मार्चमध्ये निमिषला हिंजवडीत नोकरी लागली.
करारात होतं, बाहेर एक ओळही लिहायची नाही.
फोनवर म्हणाला, ‘यादीतून माझं नाव काढ.
लीगलवाले फार बघतात.’
यादी आमच्याच सर्व्हरवर.
मी आज्ञा दिली: नोड पुसा, निमिष.

पुसता येत नाही.
४१२ कडा शिल्लक आहेत.
आधी कडा सोडवा.

हे वाक्य त्याचंच.
पहिल्या वर्षी, चुकांचे संदेश मराठीत हवेत की नकोत
यावर आम्ही तीन दिवस बोलत नव्हतो,
चौथ्या दिवशी त्यानं हे लिहून आणलं
आणि सोबत दोन प्लेट साबुदाणा वडे.

चारशे बारा. एकेक उघडत गेले.
दुरुस्त केलं. तपासलं. नाकारलं.
पुन्हा नाकारलं, ह्यावेळी कारण न देता.
एका कडेचा प्रकार ‘उसने’,
वजन अडीचशे रुपये, पंख्याचे.
ही कधी घातली त्यानं?

एक वाट आहे, मीच ठेवलेली:
आज्ञेपुढे ‘कडांसकट’ लिहायचं,
मग एका दमात सगळं जातं.
‘कडांस’ इथवर आले होते
आणि वीज गेली.

गुरुवार. विसरलेच होते.
इन्व्हर्टर दोन मिनिटं कण्हला.
कोनाड्यात इतकी शांतता
की खालच्या मजल्यावरची शिट्टी मोजता आली.

चारला वीज आली. थोरला घरघरला.
सर्व्हरनं आपला लॉग पहिल्यापासून वाचला,
जे पुरं झालं होतं ते ठेवलं,
अर्धवट होतं ते झालंच नाही असं धरून
कामाला लागला.
मी कर्सरकडे बघत बसले.

तार्तूहून निरोप होता:
चार तास बंद होता. काही विशेष?
मी लिहिलं,
नाही. गुरुवार होता.