श्रेयांक

शनिवारी शाळा सुटली की बालरथ
छोट्यांना भरून पिळगावकडे वळतो
आणि मी समोरून येणाऱ्या कदंबाला हात करते.
निळा स्कर्ट, पांढरे मोजे, दोन वेण्या,
साखळीच्या कॉलेजात.

पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला,
बहिणीला शोधतेस गे?
मी पत्र दाखवलं. त्याने ते नीट वाचलं,
मागची कोरी बाजूसुद्धा.

हजेरीपटावर मी सर्वांच्या खाली, पेन्सिलीने:
मळीक चैताली, अकरावी.
जोविटोने विचारलं, अकरावीचं इथे काय काम?
अॅडव्हान्स उचलते, म्हटलं.
तो हसला, आणि सरकून जागा दिली.

चार श्रेयांक. आत्तापासून खात्यावर पडतात,
पुढे पहिल्या वर्षाचं तेवढंच ओझं कमी.
आईला सांगितलं तेव्हा ती साखर जोखत होती.
म्हणजे उधारीच्या उलटं? ती म्हणाली,
आधी भरायचं, माल मागाहून?
हो.
तिने खिळ्याला टांगलेल्या वहीकडे पाहिलं.
असं गिऱ्हाईक आमच्या वाड्यावर अजून जन्मायचं होतं.

विषय भूशास्त्र.
ट्रेमध्ये अठरा दगड, प्रत्येकावर पांढरा ठिपका,
ठिपक्यावर नंबर.
खरबरीत फरशीच्या तुकड्यावर दगड ओढायचा
आणि उमटेल त्या रेघेचा रंग लिहायचा.
सात नंबर काळा, पोलादासारखा.
रेघ लाल.

मी ती रेघ ओळखत होते.
दोरीवरच्या शर्टांच्या कॉलरला होती,
उशीच्या अभ्र्याला,
माझ्या बालवाडीच्या पाटीच्या चौकटीला.
हेमॅटाइट, मी लिहिलं.
दोन गुण.

बाबांनी तो दगड एकोणीस वर्षं वाहिला,
खाणीवरून सारमानसच्या धक्क्यावर,
दिवसाला सहा खेपा, कधी नऊ.
मग खाण थांबली. टिप्पर मागच्या परड्यात उभा आहे,
त्याच्या आरशावर कारल्याचा वेल.
बाबा आता बालरथ चालवतात,
तोच, शनिवारी मला न घेता जाणारा.

एका संध्याकाळी मी टिप्परच्या हौद्यात चढले,
कोपऱ्यात उरलेले दोन खडे काढून आणले.
बाबांनी एकेका तळव्यावर एकेक घेतला,
डोळे मिटले, जरा हलवले,
लहान मूल झोपलंय का बघावं तसे.
हा छप्पन. हा साठाच्या वर, बाय.
वहीत हे शिकायला आम्हाला तीन तासिका लागल्या होत्या,
तराजू, पाण्याचा पेला आणि एक भागाकार.
मी रात्री भागाकार केला.
दुसऱ्यात फरक पडला एकाचा.
चूक बहुधा माझी असावी.

तुझ्या त्या खात्यात, ते म्हणाले, मला किती मिळाले असते?
मी खरंच मांडलं:
तीस तासांना एक. वर्षाचे दिवस दोनशे धरले,
दिवसाचे तास दहा.
बाराशे साठ आणि थोडे.
पदवीला लागतात एकशेवीस.
दहा पदव्या, बाबा!

बँक बुडेल तुमची, ते म्हणाले
आणि खडे खिडकीत ठेवले, वेगवेगळे,
एकमेकांना लागू नयेत असे.
मग माझ्या पायांकडे पाहून:
मोजे आत्ताच भिजत घाल.
हा रंग वाळला की जात नाही.