पांढरा ऑइलपेंट, अर्धा लिटर

ससूनच्या वॉर्डात आईनं शद्रखकडून शब्द घेतला:
दर ईस्टरआधी माझा क्रूस रंगवशील.
शद्रख लगेच हो म्हणाला.
तो कशालाही लगेच हो म्हणतो.
एक शब्द तिनं माझ्याकडूनही घेतला,
तो पुढे सांगते.

क्रूस लोखंडी. बाबा खडकीच्या कारखान्यात वेल्डर होते,
निवृत्तीआधीच दोन करून ठेवले त्यांनी,
एक स्वतःचा, एक तिचा,
आणि आई दोन वर्षं बोलली नाही त्यांच्याशी.

आता सहावं वर्ष.
मार्च लागला की मी फोन करते.
"या रविवारी नक्की, अक्का. देवाशपथ."
शपथ नको वाहूस रे,
नुसतं हो म्हण आणि ये.
रविवार येतो.
हडपसरहून घोरपडी, असं काय मोठं अंतर?
पण पुलावरचं ट्रॅफिक, धाकटीचा क्लास, कंबर.
कंबर दर मार्चातच धरते.

गुडघे टेकून मी त्याच्या चहाड्या केल्या.
प्रभू, बघतोयस ना, म्हणाले,
जसा काही तो बघायचाच थांबला होता.

मग डिसेंबरात, शद्रखच्या थोरलीच्या लग्नात,
व्याह्यांच्या देखत, जेवणाच्या रांगेत
मी बोलून गेले:
"आईला दिलेला शब्द ज्याला पाळता येत नाही
त्यानं मंडपात आशीर्वाद देऊ नये."
त्याच्या हातातली बिर्याणीची ताटली
तशीच राहिली.

त्याला टोचून बोलणार नाहीस ना, पुष्पा?
आईनं घेतलेला शब्द हा होता.
मीसुद्धा लगेच हो म्हणाले होते.

त्या रात्री गल्लीतला कोंबडा आरवला.
आमच्या गल्लीतला कोंबडा दोनलाही आरवतो,
वेळ पाळणं त्यालाही जमत नाही.
तरी मी उठून बसले.

पाळकसाहेब एकदा पेत्रावर बोलले होते.
उपदेश विसरले, मासे लक्षात राहिले:
पहाट, कोळसे, वर भाजत ठेवलेले मासे,
आणि धन्यानं आधी जेवायला बोलावलं.
विचारायचं ते नंतर विचारलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मीच गेले दफनभूमीत.
क्वार्टर गेटहून आणलेला डबा, अर्धा लिटर,
वरची साय काठीनं फोडली,
गंज घासला, बोटं सोलली.
उभा दांडा रंगवला. उजवा हात रंगवला.
डावा ठेवला.
रंग संपला नव्हता.

पहाटे मेणबत्त्या घेऊन सगळे आले.
राहेलमावशीनं विचारलं, "पुरला नाही का गं रंग?"
"रंग पुरला, माणूस पुरला नाही," म्हणाले,
आणि जीभ चावली.
पुन्हा मोडला.
थडग्यापुढे, पुनरुत्थानाच्या सकाळी, मेणबत्ती हातात धरून.

मे लागला.
ब्रश लोणच्याच्या बरणीत, टर्पेंटाइनमध्ये उभा आहे.
आठवड्यातून एकदा बोटांनी दाबून बघते.
केस मऊ आहेत अजून.
उडालेलं टर्पेंटाइन पुन्हा भरते,
घरभर वास येतो म्हणून सून कुरकुरते.

काल शद्रखला फोन केला.
क्रूसाचं काढलं नाही, जिभेवर आलं होतं तरी.
म्हटलं, रविवारी सुरमई आणतेय, जेवायला ये.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.
मग, "नक्की, अक्का."

कॅम्पातल्या मार्केटात मासेवालीनं विचारलं, किती तुकडे?
घरात आम्ही चौघं.
सहा दे, म्हटलं.