जतची प्रत

कागदावर आधी सांगली काढली, मोठा चौकोन.
मग तासगाव, विटा, शिराळा, जत,
आणि मधे रेघा.
रेघ ओढायला काही लागत नाही.
ढालगावच्या पुढे जेसीबी केबल तोडतो
आणि चालवणारा चहाला निघून जातो,
ते कागदावर दिसत नाही.

चौगुले साहेब म्हणाले, सर्व्हर एकच ठेवा, इथे,
माझ्या डोळ्यांसमोर.
मी म्हटलं, साहेब, जतला सकाळी माणूस खुर्चीत बसतो,
पासवर्ड टाकतो.
तो पासवर्ड कवठेमहांकाळवरून इथवर येतो,
'हा आपलाच का?' विचारतो
आणि होकार घेऊन परत जातो.
लाइन नसली की तम्मण्णा बिराजदार, बावीस वर्षं कंपनीत,
स्वतःच्या टेबलाशी परके.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. काढलं.
बरं, म्हणाले, फिरून या.

तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये
शहनाज मुल्लाणींनी जागा दाखवली.
इथं ठेवा मॅडम, थंडीची आपल्याकडं काय कमी?
खोक्यांच्या थप्प्या, तोंडातून वाफ, भिंतीला ओल.
मी म्हटलं, त्याला गारवा चालतो, घाम चालत नाही.
म्हणजे आमच्या साहेबांसारखंच की, त्या म्हणाल्या.
शेवटी वजनकाट्याशेजारचं कपाट मिळालं.
किल्ली एकाच माणसाकडे असते,
तो कोण, हे तिघांनी तीन सांगितलं.

वहीत लिहिलं: तासगाव, फक्त वाचायची प्रत.
नावं बघता येतील, खोडता येणार नाहीत.
पासवर्ड तिथल्या सात जणांचेच.
कुणी कपाटासकट उचलून नेलं, तर सातच बदलायचे.

शिराळ्याला सर्व्हर नको. माणसं तीन.
काही अडलं तर आप्पासो हांडे मोटरसायकलला किक मारतो.
ती व्यवस्था मी बंद केली नाही.

मेलची मला फार काळजी नाही.
दार बंद असेल तर ती रांगेत उभी राहते,
थोड्या थोड्या वेळाने कडी वाजवते, पाच दिवस,
आणि मग पाठवणाऱ्याला तसं सांगून माघारी जाते.
इतकी रीत हेड ऑफिसमध्ये कुणाला नाही.

जतला पोचले तेव्हा दुपार. पत्रा तापलेला.
तम्मण्णांनी पाणी दिलं, अर्धा ग्लास.
इथे अर्धाच देतात. हवं तर परत मागायचं.

मग त्यांनी विचारलं, पुरात तुमचं सगळं गेलं ते खरं?
खरं, म्हटलं. तळमजल्यावर होतं.
पाणी उतरल्यावर पेटी उघडली,
आत गाळ, चाळून घेतल्यासारखा मऊ.
दोनशे सहा माणसं कामावर होती
आणि अकरा दिवस त्यांतलं कुणीच कोण नव्हतं.

बोलता बोलता पेन्सिल थांबली.
वहीत 'जत' पुढे लिहिलं होतं, फक्त वाचायची प्रत.
ते खोडलं.
लिहिलं: पूर्ण प्रत. सगळ्यांची नावं, सगळे अधिकार.
सांगली बुडाली तर कंपनी इथून चालेल.

तम्मण्णांनी वही आपल्याकडे वळवून वाचली.
म्हणजे पाण्याला भिऊन तुम्ही आमच्याकडं आलात, म्हणाले.
मी काही बोलले नाही.
आयतु, ते म्हणाले, आणि कोपऱ्यातली
जुन्या पावत्यांची पोती उचलायला लागले.
धूळ उडाली. ती मी वहीत घेतली:
गाळणी, दर पंधरवड्याला.

रात्री दोन वाजता आता सांगली जतला विचारेल,
तुझ्याकडे काय बदललं?
बहुतेक रात्री उत्तर येईल, काही नाही.
ते ऐकण्यासाठीच एवढा खर्च,
हे साहेबांना कसं सांगायचं ते बघते.

शेवटचा रकाना, जबाबदार व्यक्ती.
तम्मण्णांची निवृत्ती मार्चमध्ये.
त्यांचंच नाव लिहिलं.
पेन्सिलनेच राहू दिलं.

विट्याचा चौकोन अजून रिकामा आहे.