लाल म्हणजे एक गाठ

लाल म्हणजे एक गाठ,
पिवळा दोन, निळा तीन.
काळ्याला गाठ नाही, नुसती बारीक वेणी.
असं मी ठरवलं
आणि एका रविवारी, चर्चची घंटा होऊन गेल्यावर,
लोकरीच्या प्रत्येक लडीच्या शेपटाला बांधून टाकलं.

मी फिदेन्सिओ. ओआहाकाच्या खोऱ्यात
चाळीस वर्षं लोकर रंगवतो. नखं कायमची निळी.
एदुविखेस माझ्या धाकट्या भावाची मुलगी,
जन्मापासून डोळ्यांत उजेड नाही,
पण माग असा चालवते
की शेजारच्या टर्की कोंबड्या तालावर माना हलवतात.
लड्या हातात द्यायची तिची आई.
आई मक्यात गेली की माग थांबायचा.
म्हणून या गाठी.

तिने पहिली लड चाचपली.
"एक गाठ. म्हणजे लाल. बरं.
पण काका, ही तर नुसती खूण झाली.
तुम्ही आंबा काय
नावानेच खाता?"

मग मी तिला निवडुंगाच्या कुंपणापाशी नेलं,
पानांवरचे पांढरे, कापसासारखे किडे
तिच्या बोटांखाली फुटू दिले.
वाळलेले मूठभर पाट्यावर वाटायला लावले.
म्हटलं, यात लिंबू पिळलं की केशरी होतो,
चुना घातला की जांभळा.
"हे झालं डोळ्यांचं," ती म्हणाली. "बोटांना काय होतं?"
मी म्हणालो, चिकट.
याहून जास्त मला ठाऊक नव्हतं.

निळीच्या पिंपात तिने कोपरापर्यंत हात घातला,
वासाने नाक मुरडलं, पण हात काढला नाही.
लड बाहेर आली हिरवी,
मी सांगत राहिलो: आता वारा लागतोय,
आता कडा निळ्या होतायत, आता मध्य.
तिने ती गालाला लावली.
"हो. गार होत चाललीय."
ओलं काहीही वाऱ्यावर गारच होतं,
हे माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं.

तिसऱ्या आठवड्यात बकरीने
एका लडीचं शेपूट खाल्लं, वेणीसकट.
मी धावत गेलो तर ही आरामात बसलेली,
लड मांडीवर, अंगठा धाग्यावरून फिरतोय.
"काळी आहे. हिला आतून कुणीतरी चावलंय."

काळ्यात मी गंजके खिळे उकळतो.
लोखंड लोकर खातं, जुन्या गालिच्यांत
काळे पट्टे आधी विरतात,
हे मला बापाने सांगितलं होतं.
बोटांनी मात्र चाळीस वर्षांत
एकदाही सांगितलं नाही.
की मीच कधी विचारलं नाही.

"आणि ही तीन गाठींची," ती पुढे म्हणाली,
"निळीच असेल, पण तुमची नव्हे.
हिला वास नाही.
घाबरलेल्या माणसाच्या उत्तरासारखी गुळगुळीत आहे."

डिसेंबरात घाई होती. शहरातली पुडी होती.
बायकोला बोललो नव्हतो, गिऱ्हाइकाला तर नाहीच.
स्वयंपाकघरातून बायको एवढी हसली
की तव्यावरची तोर्तिया करपली.

त्यानंतर गाठी एकेक सुटत गेल्या.
लाल तिला दोन बोटांच्या मध्ये कळतो,
काळा नखाला,
निळा कुठे कळतो ते ती सांगत नाही,
त्या लडीवरून मात्र हात उगाच, सावकाश फिरवते,
पट्टा विणून झाल्यावरसुद्धा.

पिवळा तेवढा अडलाय.
"झेंडू सगळं वासातच खर्च करून बसतो," म्हणते,
"हाताला काही उरत नाही. पण थांबा, सापडेल."

म्हणून संध्याकाळी आम्ही दोघं अंगणात
पिवळी लड मध्ये ठेवून बसतो.
मीही डोळे मिटतो.
मला अजून जेमतेम काळा कळतो,
तोही दहातून सहा वेळा.

परवा तिने पिवळ्याची एक गाठ सोडली.
दुसरी
मीच जरा घट्ट आवळून ठेवलीय.