पाठीशी

गेथिन प्रॉसरला या मैदानावरचे गोल
पाठींवरून ओळखता येतात.
निळा रेनकोट आधी खांद्यात आखडतो
आणि मग उडतो,
तेव्हा चेंडू डावीकडून आलेला असतो.
लाल मफलरची पाठ जागच्या जागी खचली
की पेनल्टी वाया.
एकोणीस वर्षं.
चूक होते, म्हणतो, पण क्वचित.

मी इथली स्टुअर्ड. नारिंगी जाकीट, शिट्टी,
खिशात घडी घातलेला पिवळा कागद.
दहाव्या रांगेमागे हातभर उंच चौथरा,
व्हीलचेअरच्या सहा जागा.
बसलेल्या माणसांवरून दिसावं, एवढीच उंची.
ज्यानं मोजली
त्यानं वेल्समधला एकही सामना
पाहिलेला नसावा.
सोबतच्या माणसाची खुर्ची मागे.
शेजारी नाही, मागे.
नेरिस इतकी वर्षं
नवऱ्याच्या डोक्यावरच्या भोवऱ्याशी बोलत आली.

लोक म्हणतात, आम्ही संघाच्या पाठीशी उभे आहोत.
असतातच उभे.
मी ओरडते, बसा, मागे माणसं आहेत.
बसतात बिचारे.
पुढचा कॉर्नर मिळेपर्यंत.

पिवळ्या कागदावर सातवा मुद्दा:
आग लागल्यास व्हीलचेअरवाल्यांनी
जागेवरच थांबावे,
जिने मोकळे होऊ द्यावेत,
नंतर कोणीतरी येईल.
'कोणीतरी'खाली मी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती.

मार्चमधला मंगळवार, गारठा.
स्टँडमागच्या चिप्सच्या टपरीत तेलानं पेट घेतला
आणि रॅम्प नेमका त्याच अंगाला.
भोंगा झाला. निळा रेनकोट गेला,
लाल मफलर गेला,
लहान पोरांना काखोटीला मारून बाप गेले.
त्या दिवशी चौथऱ्यावर गेथिन एकटाच,
त्याच्या मागे नेरिस,
आणि वायरलेसवर "थांबा, थांबा" ऐकत मी.

तिकडे खेळ चालूच होता.
वाऱ्यानं भोंगा खाल्ला असेल,
रेफरीची पाठ आमच्याकडे.
कॉर्नर उडाला, आणि मधे कोणी नव्हतं.
चेंडू वर चढताना दिसला,
उंचावर क्षणभर रेंगाळलेला दिसला,
आमचा सेंटर-हाफ, तो बावळट ओवाइन,
कपाळ पुढे करून धावत आला
आणि जाळी फुगली.

गेथिन ओरडला नाही.
"अस्सं असतं होय," म्हणाला.
मग खोकला. धूर चौथऱ्याला टेकला होता.

शिट्टी उशिरा वाजली.
गोल धरला नाही;
भोंगा झाला तेव्हाच सामना थांबला होता, म्हणाले.
सातव्या मिनिटाला कोणीतरी आलं:
पाहुण्या संघाचा मालिशवाला आणि
चिप्सवाल्याचा मुलगा, भुवया जळलेल्या.
चौघांनी मिळून पायऱ्यांवरून खाली आणलं,
व्हीलचेअर वरच राहिली.

रात्री अहवाल लिहिला. धोका: होय.
मदत: उशिरा.
'इतर' या रकान्यात लिहिलं:
गोल, त्रेसष्टावं मिनिट, साक्षीदार तीन.
क्लबचं उत्तर आलं, चौथऱ्याचं पुढच्या हंगामात बघू,
रकाना कृपया नीट भरावा.

धूर आला तेव्हाच नेरिसनं
आपली खुर्ची ओढून शेजारी आणली होती.
अजून तिथंच आहे. नियमाबाहेर, दोन फूट.
दर शनिवारी मी तिथून जाते
आणि त्या वेळी नेमकी
माझ्या बुटाची नाडी सुटते.