सोळा अक्षरांच्या आत

वडील भुसावळला चाकं वाजवून बघायचे.
म्हणजे नोकरीच ती. गाडी थांबली की
लांब दांड्याची हातोडी घेऊन
इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत
प्रत्येक चाकाला एक टोला.
धड चाक टणकन बोलतं.
तडा गेलेलं, म्हणायचे, घसा बसल्यासारखं.
हजारांत एखादं.
त्या एकासाठी हजार.

मी नगरपालिकेच्या शाळेत भूगोल शिकवते
आणि रात्री, कूलरमधल्या वाळ्याच्या वासात,
चार फोटो एकामागून एक फिरवते.
कुठल्याशा लांबच्या डोंगरावरून
आकाशाच्या एकाच तुकड्याचे काढलेले,
वीस-वीस मिनिटांनी.
तारे जागचे हलत नाहीत.
हलतो तो आपला.

मे महिना. दिवसा सेहेचाळीस,
रात्री दोनला भिंतीला टेकवत नव्हतं.
डाव्या कोपऱ्यात, जवळपास नसल्यासारखा,
एक ठिपका चार पावलं चालला.
परत फिरवले. परत चार पावलं.
वडील खाटेवर जागेच होते. म्हणाले,
"येक डाव तं कानबी खोटं बोलतो.
तीनदा आयकावं,
मंग खडूनं फुली मारावं."

तिकडून आधी आली ती फुलीच :
साल, दोन इंग्रजी अक्षरं, शेपटाला आकडा,
मालडब्यावर असतं तसं.
नावाला कक्षा पक्की लागते,
आणि कक्षेसाठी तो पुन्हा सापडावा लागतो,
सूर्याआडून निघून, पुन्हा, आणि पुन्हा.
मंगळाच्या पलीकडे, गुरूच्या अलीकडे
सव्वाचार वर्षांची त्याची फेरी.
पंधरा-सोळा महिन्यांनी आपण त्याला
आतल्या रुळावरून गाठतो
आणि पुढे निघताना वाटतं
तोच मागे चाललाय, शेजारच्या लाइनीवरच्या
मालगाडीसारखा.

तिसऱ्यांदा सापडला तेव्हा
खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

मग क्रमांक आला. आणि पत्र : नाव सुचवा.
सोळा अक्षरांच्या आत. उच्चारता यावं.
दुकानाचं नको. पुढाऱ्याचं तर
तो मरून शंभर वर्षं व्हायला हवीत
(हे वाचून दाखवल्यावर
नगरसेवक चहा अर्धा टाकून उठले).
मुख्याध्यापिका म्हणाल्या, तापी ठेवा.
सातवीतला निखलेश म्हणाला, माझं.

आजीची चार लेकरं पाळण्यातच गेली होती.
पाचव्याचं नाव तिनं मुद्दाम धोंडू ठेवलं.
दारावरून जाताना यमानं ऐकलं तरी
त्याला वाटावं, इथे काय, दगडच आहे,
पुढच्या घरी बघू.
ही फसवणूक बहात्तर वर्षं टिकली.

इंग्रजीत सहाच अक्षरं होतात.
कारण लिहायला चार ओळींची जागा.
मी लिहिलं : धोंडू उखा सपकाळे,
चाकं ऐकायचे.
आणखी लिहिणार होते, त्या तीनदा ऐकण्याबद्दल,
खिशातल्या खडूनं पांढऱ्या झालेल्या पैशांबद्दल.
मग म्हटलं, असू दे.

आई म्हणाली, "दगडाले धोंडू?
मंग नवं काय ठेवलं वं तू?"
बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"ठेव. तिकडं त्याले कोनी उचलत नाही."

तिथले सगळेच उरलेले.
ग्रह व्हायचा होता, गुरूनं जमू दिलं नाही.
वर्षात न मावलेल्या दिवसांचा
धोंड्याचा महिना होतो, तशातलं काही.
मुलांना मी असंच सांगते. परीक्षेत येत नाही.

पास मिळायचा, दरवर्षी.
खंडव्याच्या पुढे ते कधी गेले नाहीत.

स्टेशनात आता चाकं यंत्र ऐकतं,
रुळालगतच्या एका करड्या पेटीतून.
यंदा आषाढात तो पुन्हा गाठीत येईल,
अंधुक, नाव असलेला.
मी चार फोटो लावीन.
तो चार पावलं चालेल.
तिथे हवा नाही.
आवाजाचं काही सांगता येत नाही.